लोण्याचा उसासा

लेहतोनिवा, ३ नोव्हेंबर

उल्रिका,

फोन करत नाही. फोनवर मी ओरडते, मग तू गप्प बसतेस, आणि तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी आणखी ओरडते. कागदावर ओरडलं तर निदान तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आज तुमच्या संशोधन केंद्राचं पत्र आलं, आईच्या नावाने. तिनेच उघडलं, वाचलं, परत वाचलं आणि माझ्यासमोर सरकवलं. मधल्या तपासणीत म्हणे तिच्यात सुधारणा दिसली नाही. "सहभागी व्यक्तीने अनेक वासांना उत्तर दिले नाही, उसासे टाकले, दमल्याचे जाणवले." म्हणून तिला चाचणीतून मोकळं करत आहेत. वासांची पेटी महिनाअखेरपर्यंत आरोग्य केंद्रात परत करायची. आणि खाली, तिच्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार.

मोलाचं योगदान! गेल्या हिवाळ्यात ही बाई अंगात कोट घालून खुर्चीत बसून राहायची. कुठे निघालीस विचारलं तर म्हणायची, "कळेल." मग तुमची पेटी आली. सकाळी आणि संध्याकाळी एकेक बाटली उघडायची, नाकाशी धरायची, मनात येईल ते बोलायचं. सुरुवातीला सगळ्या बाटल्यांना ती "औषध" म्हणायची. जून उजाडेपर्यंत धूर आणि डांबर यांतला फरक सांगायला लागली. आणि जूनअखेरच्या मिडसमरच्या सणाला माझं माशाचं सूप तोंडात घेऊन म्हणाली, "हे काय, नदी गरम करून वाढलीस?"

मी सौनाच्या वाफेत बसून रडले. आनंदाने. तिला चव कळत होती, गं.

मी शाळेत गणित शिकवते. एका माणसावरून नियम बांधता येत नाही, एवढं मला कळतं, ते समजावू नकोस. पण तू त्याच इमारतीत काम करतेस. तिथे बसून तुम्ही आपल्या आईला 'सुधारणा नाही' म्हणता, आणि इथे ती काल माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला शिव्या देत होती. यातलं खोटं कोण?

पत्र आल्यापासून तिने पेटीला हात लावलेला नाही.

रायली


घरून, ९ नोव्हेंबर

रायली,

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून दोन मसुदे लिहिले आणि फाडले. पहिला फार गोड होता, दुसरा खोटा. हा तिसरा आहे, हाही तुला आवडणार नाही.

आई चाचणीत आली ती तुमच्या आरोग्य केंद्रामार्फत, माझ्यामार्फत नाही. ती आल्याचं कळल्यावर मीच तोर्केलला सांगितलं की तिच्या कुठल्याच गोष्टीला मी हात लावणार नाही. तोर्केल आमचा प्रमुख. त्यामुळे तिचा निकाल मी पाहिलेला नाही, आणि आता पाहायला मागणं बरोबर नाही. तुला हे थंडपणाचं वाटेल. पण आपलं माणूस आहे म्हणून मी एकदा दार किलकिलं केलं, तर पुढे माझ्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

आम्हाला जे शोधायचंय ते साधं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या नाकाला रोज काम दिलं तर त्यांची आठवण आणि त्यांचे शब्द टिकतात का? काही घरांत खऱ्या वासांच्या पेट्या आहेत, काही घरांत जवळजवळ पाणीच. कोणाकडे काय आहे ते घरच्यांना सांगत नाहीत, कारण सुधारणा घरच्यांना नेहमीच दिसते. तू पाहिलंस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते की ते तू पाहिलंस, आणि तुला ते हवं होतं.

शिवाय तपासणीला तू तिला भल्या पहाटे गाडीत घालून नेलंस, असं तूच उन्हाळ्यात सांगितलं होतंस. ती खरंच दमली असेल. हा विचार तू केलास का?

पेटी परत कर. दुकानातून लवंग, वेलची, डांबराचा साबण आण आणि सकाळ-संध्याकाळ चालू ठेव. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

हे वाचून तू कागद चुरगाळशील. मीही चुरगाळला असता.

उल्रिका


लेहतोनिवा, १६ नोव्हेंबर

उल्रिका,

चुरगाळला. मग इस्त्री केल्यासारखा सरळ केला, कारण तुझा सल्ला ऐकायचा होता.

दुकानात गेले नाही. घरात होतं तेच घेतलं. आईला म्हटलं, "डोळे मीट," आणि लोण्याची वाटी तिच्या नाकाखाली धरली. तपासणी घेणाऱ्या तुमच्या त्या बाईसारखं अगदी स्वच्छ स्वीडिशमध्ये विचारलं, "हे काय आहे?"

"वोइ," आई म्हणाली आणि एक सुस्कारा सोडला.

"आई, उसासे नको. काय आहे ते सांग."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पूर्वी दारात आलेल्या धर्मप्रचारकांकडे पाहायची.

"सांगितलं की. वोइ. लोणी! तुझं नाक गेलंय का कान?"

कळलं का, उल्रिका? नसेल कळलं, कारण तुला इथल्या दरीतली आपली बोली येत नाही. तुला फक्त 'वोइ वोइ' येतं, शेजारणी कुणाच्या मयताला गेल्यावर म्हणतात तेवढं. पण आपल्या बोलीत लोण्यालाही वोइ म्हणतात. अरेरेचा वोइ आणि भाकरीवरचा वोइ, एकच शब्द. आणि मला, जी शाळेत जाईपर्यंत हीच भाषा बोलत होते, मलासुद्धा आधी उसासाच ऐकू आला.

मी आरोग्य केंद्रात जाऊन आईच्या निकालाची प्रत मागितली. डांबराच्या बाटलीला ती 'तेर्वा' म्हणाली. बरोबर. तुमच्याकडे शेरा, "अस्पष्ट." धुराला ती 'सावु' म्हणाली. "अस्पष्ट." कॉफीला 'काफ्फी' म्हणाली ते तेवढं बरोबर धरलंय, कारण ते स्वीडिशच्या वळणावर जातं. आणि लोण्यापुढे लिहिलंय, "उसासा. उत्तर नाही."

उत्तर होतं! तुमच्या नाकासमोर होतं!

चाचणीतल्याच एदित लांतोला फोन केला. तिलाही काढलंय. तिचा मुलगा म्हणतो, "आमची म्हातारी आता संपत आली बहुतेक." संपत आली! मागून एदित ओरडत होती की कोण संपलं म्हणतोस, तूच ये इकडे.

आता मला एकच सांग. वोइ म्हणजे उसासा, हे दक्षिणेकडच्या स्वीडिश माणसाला सुचणार नाही. त्याला तो शब्दच परका. हे त्यांना आपल्याकडच्याच कोणीतरी सांगितलं. कोणी?

रायली


घरून, २८ नोव्हेंबर

रायली,

मी.

पुढचं लिहायला इतके दिवस का लागले, त्याचं कारण चांगलं नाही. आधी मला आठवतच नव्हतं. मग आठवलं आणि आठवत नाही असं लिहिता येईल का, याचा मी विचार केला. केला, हे तुला माहीत असावं.

ऑगस्टमध्ये आम्ही कॉफीच्या खोलीत बसलो होतो. एब्बा, जी तपासणीची ध्वनिमुद्रणं ऐकून उत्तरं टिपते, दक्षिणेकडच्या माल्मोची आहे. ती म्हणाली, "तुमच्या दरीतले म्हातारे मध्येच 'वोइ' म्हणतात. ते काय असतं?"

मी म्हटलं, "ते तसेच. कपाट उघडतानाही वोइ, बसतानाही वोइ. आमच्याकडे ते श्वासासारखं आहे."

"म्हणजे उत्तर नाही ना?"

"वोइ वोइ," मी डोक्याला हात लावून म्हातारीचा आवाज काढला. सगळे हसले. मीही हसले. एब्बाने मान डोलावली आणि तिथून पुढे सगळ्या दरीचं लोणी उसासा झालं.

मला वाटलं नव्हतं की मी काही ठरवते आहे. मला वाटलं, मी गंमत करते आहे.

मी तोर्केलकडे गेले. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, तो ऐकतो, तेच त्याचं वाईट आहे. मग म्हणाला, "नियमात लिहिलंय, उत्तर स्वीडिशमध्ये."

"त्यांना हे कोणी सांगितलं?"

"सूचनापत्रात आहे."

"सूचना स्वीडिशमध्ये आहे, तोर्केल."

"उल्रिका, ही माणसं स्वीडिश शाळांत शिकली आहेत. त्यांना लोण्याला काय म्हणतात ते येतं. आणि समजा आपण आता गुण बदलले. निकाल पाहिल्यावर, नियम मोडून, आणि मागणी करणारी कोण, तर एका सहभागीची मुलगी. दुसऱ्या कुठल्या गटाने असं केलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

रायली, मी त्याला लबाड म्हणाले असते. गेल्या वर्षी एका गटाला मी म्हटलंही होतं. तो बरोबर बोलत होता, आणि त्याच्या टेबलावरची पाण्याची सुरई मला त्याच्या डोक्यात घालावीशी वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. मी घरी येऊन वहीत लिहिलं की मला राग चुकीच्या मोजमापाचा आला आहे. मग खोडलं. एदित लांतो एकटीच असती तर मला इतका राग आला असता का? मला माहीत नाही. आला असता असं लिहायला हात धजत नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. आई माझ्याशी जन्मभर स्वीडिशच बोलली, एकही शब्द न अडखळता. मग तिथेच, त्या खोलीतच, ती आपल्या बोलीत का बोलली?

उल्रिका


लेहतोनिवा, ६ डिसेंबर

उल्रिका,

तू हसलीस. ते मी दोनदा वाचलं. बाकी सगळं एकदाच.

आता तोर्केलला सांग 'ही माणसं' स्वीडिश शाळेत कशी शिकली ते. मला हे काल कळलं. आई सांगत होती आणि बटाटे सोलत होती, सोलायची थांबली नाही.

ती सात वर्षांची असताना तिला जंगलापलीकडच्या मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. घर लांब होतं, शाळा तिकडे होती. जेवायला लांब टेबल, मधे लोण्याचा गोळा. हवं असेल तर मागायचं. स्वीडिशमध्ये 'स्म्योर' म्हणून मागितलं तर मिळायचं. 'वोइ' म्हटलं तर तिथली बाई ऐकू न आल्यासारखं करायची. मारायची नाही, ओरडायची नाही, नुसतं पुढच्या मुलाकडे पाहायची. आई म्हणाली, "मला वाटायचं माझा आवाजच निघत नाही." पहिला हिवाळा तिने कोरडी भाकरी खाल्ली.

म्हणून ती मला शाळेत घातल्यावर माझ्याशी स्वीडिश बोलायला लागली. तू जन्मलीस तेव्हा तर तिने नावसुद्धा असं निवडलं की हजेरी घेणाऱ्याला अडखळायला होऊ नये.

आणि आता, सत्तर वर्षांनी, तुम्ही तिच्या नाकाखाली बाटली धरलीत. ती म्हणाली 'वोइ'. आणि तुमच्या बाईने ऐकू न आल्यासारखं करून पुढची बाटली उचलली.

तोर्केल बरोबर असेल. नियम बरोबर असेल. वसतिगृहातली बाईसुद्धा नियमानेच वागत होती.

पेटी भांडी धुण्याच्या ओट्याखाली, बादलीमागे आहे. आईनेच ठेवली. कालपासून ती माझ्याशीही मोजकंच बोलते, आणि परत कोट घालून बसते.

रायली


घरून, १९ जानेवारी

रायली,

नाताळला आले नाही. आले असते तर 'काय झालं?' याचं पोकळ उत्तर द्यावं लागलं असतं. आता भरीव उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही, हे आधीच सांगते.

तुझं पत्र वाचल्यावर मी तोर्केलकडे गेले नाही. त्याच्या वर जी नैतिकता समिती आहे, तिला लिहिलं. काय झालं, कोणी सांगितलं, कोण हसलं, सगळं. माझं नावही, आईचं आणि माझं नातंही. तोर्केलने मला दारात गाठलं.

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तू मला नियम सांगितलास."

"तू आपल्या सगळ्यांची तीन वर्षं मातीत घातलीस, तुला कळतंय?"

"मला त्या म्हाताऱ्यांची किती वर्षं मातीत गेली ते मोजायचं होतं," मी म्हटलं. हे वाक्य मला आता फार नाटकी वाटतं. पण त्या वेळी तेच तोंडातून निघालं. त्याने मला आकडेवारीच्या कामातून काढलं. एब्बा दोन दिवस रडत होती. तिचा यात काय दोष?

समितीचा निर्णय असा. जुने गुण बदलायचे नाहीत. मी स्वतः समितीत असते तर हेच म्हणाले असते, आणि त्यामुळे माझा स्वतःवर जास्त राग आहे. पण शोधनिबंधात स्पष्ट छापायचं की दरीतल्या लोकांची उत्तरं चुकीची मोजली. आणि दरीतल्या सगळ्यांची एप्रिलमध्ये परत तपासणी घ्यायची, दोन्ही भाषा चालतील. तोवर पेट्या घरीच राहतील. पण यायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि पुरेसे लोक आले नाहीत तर दरीला निबंधातून पूर्ण वगळतील. म्हणजे जणू कोणी म्हातारं तिथे राहतच नव्हतं.

एदितचा मुलगा म्हणाला, तुमची आई हिल्मा येणार असेल तर आमची येईल. बाकीच्या घरांतूनही जवळपास हेच उत्तर आलं. सगळं आईवर येऊन थांबलंय. तिच्यावर हे ओझं टाकायचा मला काहीही हक्क नाही. तरी टाकते आहे. तू तिला विचारशील का?

उल्रिका


लेहतोनिवा, २ फेब्रुवारी

उल्रिका,

रायलीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. काही भाग तिने गाळले, ते ती शाळेत गेल्यावर मी वाचले. तुझी आधीची पत्रंही वाचली. ती ब्रेडच्या डब्यात ठेवते.

मी स्वीडिशमध्ये लिहिते आहे कारण माझी भाषा मला लिहिता येत नाही. ती लिहायची असते हेच आम्हाला कोणी सांगितलं नाही.

मी तुम्हा दोघींवर चिडले आहे. रायली आता घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी 'वोइ' कशी म्हणाले ते सांगते, जणू मी संग्रहालयातली बर्फावरची घसरगाडी आहे आणि अजून घसरते. आणि तू मला न्याय मिळवून देते आहेस. मी मागितला होता का?

मला लोण्याला स्वीडिशमध्ये काय म्हणतात ते येतं. सत्तर वर्षं दुकानात तेच मागितलं. त्या दिवशी मी काही ठरवून बोलले नाही. बाटली नाकाशी आली, तोंड आपोआप उघडलं आणि तो शब्द बाहेर पडला. परक्या बाईसमोर. मलाच धडकी भरली. म्हणून मी श्वास सोडला. तेव्हा माल्मोच्या त्या मुलीने उसासा लिहिला तो खराच होता. तिला म्हणावं, रडू नकोस.

तुझ्याशी मी आमची भाषा बोलले नाही ते मुद्दाम. तुला कोणी हसू नये म्हणून. आणि तू मोठी होऊन, शिकून, कॉफी पिताना त्या भाषेला हसलीस, तेही म्हातारीचा आवाज काढून. हे वाचून मला इतका राग आला की मी उठून कोट काढला, खुंटीला लावला आणि सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. अजून ओळखता येतात मला. सगळ्या.

एप्रिलमध्ये मी येईन. एदितही येईल, मी तिला सांगितलंय. बाकीच्यांना आज-उद्या फोन करते. कोणी वगळणार नाही आम्हाला, आम्ही इथे राहतो.

पण एक अट आहे. माल्मोची मुलगी नको, आणि रायलीही नको. बाटली तू धरायची आणि 'हे काय आहे' असं आमच्या भाषेत तू विचारायचं. दोन महिने आहेत. फोन कर, मी शिकवीन. रोज संध्याकाळी कर, सकाळी मी कामात असते. फोनवर स्वीडिश बोललीस तर मी फोन ठेवून देईन.

मुलीने आईची परीक्षा घ्यायची नाही असा नियम आहे, ते मला माहीत आहे, डोळे फिरवू नकोस. माझी दुसऱ्या कोणाला घेऊ दे. तू एदितची घे. तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने विचारावं लागेल. मी दाराबाहेर बाकावर बसेन आणि ऐकेन.

चुकलीस तर आत येईन.

आई